धडा

कळमन्याच्या मार्केटात माझा काटा मोठा आहे.
एका वेळी दोन पोती चढतात,
अन् मिरचीच्या दिवसांत पाव किलो इकडेतिकडे झाला
तर शेठ नाही विचारत, शेतकरीही नाही.
तेवढी तर वाऱ्यावर उडून जाते
पारडीपर्यंत लोकांना शिंका आणायला.

उत्पला दोन किलो शंभरची आली.
आठव्या दिवशी एक किलो नऊशे साठ.
सुरुवातीला उतरतं थोडं, म्हणाल्या मेश्राम सिस्टर,
मंगळवारी आणा.
मंगळवारी दोन किलोला दहा ग्रॅम कमी.
म्हणजे सात दिवसांचे तीस ग्रॅम.
टपरीवर मी साखर तळहातावर ओतून पाहिली,
एवढं असेल?
चहावाला म्हणाला, कायले नासवतं बे.

सासूबाई म्हणाल्या, दूधच पातळ आहे हिचं,
वरचं पाजा, घुटी द्या, मध चाटवा.
विशाखा भिंतीकडे तोंड करून झोपली.
बोकडे काकूंनी दृष्ट काढली मीच आणलेल्या मिरच्यांनी.
ठसका लागला नाही तर नजर खरी, म्हणे.
मला तर माघ-फाल्गुनात ठसका लागतच नाही, काकू.
माझी कोणी काढायची?

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या,
पाजताना नुसत्या पाहत राहिल्या.
पंधरा मिनिटं. कोणी इतकं पाहिलं नव्हतं आमच्याकडे.
मग म्हणाल्या,
दूध आहे ना बाई, चांगलं आहे. पोट्टीच थकते.
चार घोट घेते अन् झोपून जाते.
वरचं काही नको. तळपाय चोळा, उठवा,
दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.
राहिलेलं पिळून वाटीत घ्या, चमच्यानं द्या.
अन् तुम्ही, बापा, दारात काय उभे?
सदरा काढा, छातीशी धरा हिला.
थंडी आहे. प्यालेलं सगळं
अंग गरम ठेवण्यातच जातं हिचं.

मी हात दाखवले.
दिवसभर मिरची तोललेले हात.
साबणानं नाही जात ते.
आधी गोडं तेल, मग साबण, मग दही, मग पुन्हा साबण,
शेवटी ओलं बोट स्वतःच्या पापणीला लावायचं
अन् दहापर्यंत थांबायचं.
झोंबलं तर पुन्हा तेल.
नाही झोंबलं तर लेक.

रात्री दोन वाजता
विशाखा वाटी धरते, डोळे मिटलेलेच.
माझ्या छातीवर एक उबदार, हाडाहाडाचं काहीतरी.
मी चमचे मोजतो.
आम्ही मापारी एक म्हणत नाही कधी.
पहिल्या मापाला म्हणायचं, लाभ.
मग दोन. मग तीन.
तीनला ती ओठ मिटते,
गालावरून ओघळतं, हनुवटीखाली साचतं,
ते मोजायचं की नाही?
मार्केटात सांडलेलं आम्ही झाडून घेतो.

पुढचा मंगळवार साठ ग्रॅमचा.
सिस्टरनं कार्डावर ठिपका दिला, रेघेखालीच,
अन् काही बोलल्या नाहीत.
त्या आठवड्यात मी दोन पोत्यांचं वजन चुकवलं,
शेषराव हमालानं खाणाखुणा करून सावरलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी
सिस्टरनं आधी नुसतं फडकं ठेवलं काट्यावर,
काटा शून्यावर आणला.
हा तर धडा. रोज शंभरदा करतो मी,
बारदान वजा, मग माल.
पण तिथं, त्या रिकाम्या फडक्याकडे पाहताना
पाय कापले माझे.

दोन किलो दोनशे वीस.
पुन्हा ठेवा म्हटलं. पुन्हा ठेवली.
रडत होती, काटा थरथरत होता,
थांबला तिथंच.

ठिपका अजून रेघेखाली आहे.
पण आज रात्री सहाव्या चमच्यानंतर
ती माझ्या छातीवर भरभरून मुतली,
पोटावरून, लुंगीवरून, गादीपर्यंत.
विशाखा अंधारात हसली, कितीतरी दिवसांनी.
म्हणाली, गेले पन्नास ग्रॅम.
मी म्हटलं, वाटी आण.
लाभ.